‘शिल्लक नाही’ एवढ्या उत्तराने भागत नाही : औषध वितरकांना आणि औषध दुकानदारांना खुलं पत्र

औषधांचे घाऊक वितरक, उपवितरक आणि औषध दुकानदार यांना,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच धंद्यातला माणूस आहे. एखादी बॅच परत मागवल्याची, म्हणजे रिकॉलची, नोटीस कंपनीकडून आली की ती पुढे पाठवायची, उत्तरं गोळा करायची आणि परत आलेल्या मालाचा मेळ घालायचा, हे माझं काम. हे पत्र त्या उत्तरांबद्दल आहे. नोटीस गेली की बहुतेक ठिकाणांहून एका ओळीचं उत्तर येतं : ‘सदर बॅचचा माल शिल्लक नाही.’ उत्तर खोटं नसतं. कोणीतरी रॅक बघितलेला असतो, कॉम्प्युटरवर बॅच टाकून शून्य आल्याची खात्री केलेली असते. कागद फाइलला लागतो आणि विषय संपतो.

माझं म्हणणं असं आहे की विषय तिथे सुरू होतो. माल आपल्याकडे आला होता आणि आता नाही, म्हणजे तो विकला गेला आहे. बॅच खरोखरच सदोष असेल, तर रॅकवर पडून राहिलेल्या खोक्यामुळे कोणाच्या जिवाला काही होत नाही. जे खोकं गिऱ्हाइकाच्या पिशवीतून घरी गेलं, त्याचीच काळजी करायची असते. आणि नेमकं त्याच खोक्याबद्दल आपलं उत्तर काहीच सांगत नाही. ज्या दुकानात शंभर डबे पडून आहेत तिथून सविस्तर यादी येते, आणि ज्या दुकानातून सगळे शंभर डबे लोकांच्या घरी गेले तिथून एक ओळ येते. हे उलटं व्हायला हवं.

1937 साली अमेरिकेत घडलेली सल्फानिलामाइडची घटना फार्मसी शिकलेल्या बहुतेकांना माहीत असते. जंतुसंसर्गावरचं हे औषध पातळ स्वरूपात देता यावं म्हणून मॅसेनगिल कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यात लहान मुलंही होती. त्यातून औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवायला लावणारा 1938 चा कायदा अमेरिकेत आला, इथवर आपण परीक्षेत लिहितो. बाजारात गेलेला माल परत कसा आणला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. आपल्या कामाचा भाग खरं तर तोच. कंपनीने पहिल्यांदा ज्या तारा केल्या त्यात माल परत पाठवा, एवढंच होतं. कारण दिलं नव्हतं, घाई करा असंही म्हटलं नव्हतं. सरकारी यंत्रणेने आग्रह धरल्यावर दुसऱ्या तारा गेल्या आणि हे औषध जिवावर बेतू शकतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. मग त्या यंत्रणेची बाहेर फिरणारी जवळजवळ सगळी माणसं, 239 निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ, कामाला लागली. बिलं, पाठवणीचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असं सगळं चाळत ती दुकानादुकानांतून फिरली. तीन वर्षांच्या एका मुलाचं कुटुंब हे औषध घेऊन डोंगराळ भागात राहायला गेलं होतं. त्याला शोधण्यासाठी एका डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं.

एकूण 240 गॅलन औषध तयार झालं होतं. त्यातलं 234 गॅलन आणि वर एक पाइंट परत मिळालं. आपल्या रिकॉलच्या तक्त्यात हे 97 टक्क्यांहून अधिक दिसलं असतं आणि शाबासकी मिळाली असती. पण मृत्यू झाले ते उरलेल्या सहा गॅलनांच्या आतल्या मालामुळे. म्हणून माल किती टक्के परत आला, या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही. जो परत आला नाही तो कुठे गेला, हे सांगता येतं का, एवढंच मी बघतो. आणि ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. ऑक्टोबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या चार सिरपांबद्दल इशारा दिला, तेव्हा त्यात सापडलेलं विष तेच होतं, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया या देशात स्वयंसेवकांना घरोघर फिरून बाटल्या गोळा कराव्या लागल्या.

आता आपल्या गोदामाकडे येऊ. विकलेला माल शोधायचा तर बिलावरची बॅच आणि डब्यावरची बॅच एकच असायला हवी. ती असते का? बिल करणारा बाहेर बसलेला असतो, माल काढणारा आत असतो. आधी एक्सपायरी असलेली बॅच सॉफ्टवेअर आपोआप उचलतं, आणि आतला मुलगा हाताला जी लागेल ती. औषध तेच, पॉवर तीच, पॅकिंग तेच, म्हणून गिऱ्हाइकही तक्रार करत नाही. रोजच्या व्यवहारात याने कोणाचं काही अडत नाही. रिकॉलच्या दिवशी अडतं.

समजा, परत मागवलेल्या बॅचचे 400 डबे आपल्याकडे आले होते. बिलांप्रमाणे 386 गेले, म्हणजे रॅकवर 14 हवेत. मोजले तर 5 निघाले. पुष्कळ ठिकाणी हा फरक स्टॉक अ‍ॅडजस्टमेंट म्हणून मिटवून टाकतात. पण ते 9 डबे बाहेर गेलेत, आणि ज्यांच्याकडे गेलेत त्यांच्या बिलावर दुसरीच बॅच छापलेली आहे. आपण बिलांवरून यादी काढून नोटीस पाठवणार, आणि त्या दुकानांची नावं यादीत येणारच नाहीत. त्यांना कोणी काही विचारणार नाही आणि ते डबे शांतपणे विकले जाणार. अशा वेळी त्याच औषधाच्या इतर बॅचेस लगेच मोजाव्यात. कुठल्या तरी बॅचचे डबे हिशेबापेक्षा तेवढेच जास्त निघतात. मग त्या बॅचची बिलं ज्यांना गेली त्यांनाही नोटीस द्यायची. अदलाबदल नक्की कुठे झाली ते सापडत नसेल, तर त्या काळात ते औषध घेतलेल्या प्रत्येकाला द्यायची. चार जादा फोन होतील, होऊ द्या.

यावरचा खरा उपाय माल बाहेर पडतानाच करायचा असतो. युरोपीय संघात 9 फेब्रुवारी 2019 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक पॅकवर चौकोनी कोड असतो. त्यात औषधाचा क्रमांक, त्या पॅकचा स्वतःचा क्रमांक, बॅच आणि एक्सपायरी एवढं सगळं असतं. अमेरिकेत 2013 च्या कायद्याने याच दिशेची व्यवस्था उभी राहिली. ज्यांच्या मालावर असा कोड आहे त्यांनी तो फक्त माल घेताना स्कॅन करून थांबू नये, पाठवतानाही करावा. कोड नसेल तर डबा हातात घेऊन बॅच बघावी आणि वेगळी असेल तर बिलात बदलावी. गर्दीच्या वेळी हे जड जातं, मला माहीत आहे. तरीही हे रोजच करावं लागेल, कारण नोटीस आल्यावर मागच्या तीन महिन्यांची बिलं दुरुस्त करता येत नाहीत.

शोधताना हमखास सुटणाऱ्या काही जागा आहेत. कंपनीच्या विक्री योजनेत फुकट आलेला माल, जो बिलात वेगळ्या ओळीत आणि अनेकदा बॅच न टाकता नोंदवलेला असतो. एका शाखेतून दुसरीकडे चिठ्ठीवर गेलेला माल. प्रतिनिधींनी दिलेली सॅम्पलं. डिलिव्हरीच्या गाडीत असलेला, किंवा गिऱ्हाइकाने न घेतल्यामुळे गाडीतच राहिलेला माल. फ्रिजमधला माल, कारण रॅक बघणारा माणूस फ्रिज उघडतोच असं नाही. आणि एक्सपायरीचं खोकं. परत मागवलेल्या बॅचचे डबे त्या खोक्यात इतर मुदतबाह्य मालाबरोबर पडलेले असतात आणि कुठल्याच मोजणीत येत नाहीत. रिकॉलचा माल एक्सपायरीच्या मालात कधीही मिसळू नये. त्याला वेगळी जागा, कुलूप आणि ‘विक्रीसाठी नाही’ अशी मोठी पाटी हवी. शक्य असेल तर सॉफ्टवेअरमध्येही ती बॅच बंद करावी, म्हणजे चुकून बिल करायला गेलं तरी होणार नाही. बॅच बंद करण्याचं काम सगळ्यात आधी, मोजणीच्याही आधी व्हावं. मोजणी चालू असताना काउंटरवर तोच माल विकला जातोय, असं घडू शकतं.

दुकानदारांशी मला मुख्यतः कापलेल्या स्ट्रिपबद्दल बोलायचं आहे. बॅच आणि एक्सपायरी साधारणपणे स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली असते. दहातल्या चार गोळ्या मागणाऱ्याला आपण दुसऱ्या टोकाकडून कापून देतो, म्हणजे नंबर दुकानात राहतो. त्यात तुमची सोय आहे आणि ते चूक नाही. पण गिऱ्हाइकाच्या हातात जो तुकडा गेला त्यावर ना बॅच, ना तारीख. उद्या त्याने बातमी वाचली आणि फोन केला, तर तो काय वाचून दाखवणार? त्याला दिलेल्या बिलावर बॅच असेल तरच काही सांगता येईल. बिल करत नसाल तर निदान पाकिटावर पेनने बॅच लिहा. चार गोळ्यांसाठी कोण लिहीत बसतं, असं वाटेल. पण लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना औषध बहुतेक वेळा असंच सुटं जातं. आणि दुकानात उरलेल्या तुकड्यावर नंबर नसेल, तर तो परत मागवलेल्या बॅचचाच आहे असं धरा आणि बाजूला काढा. शंका आली की तो तुकडा विकायचा नाही, मग तो कितीही छोटा असो.

कापलेले तुकडे परत येत नाहीत, याला पैशाचंही कारण आहे. ते वितरकांनी समजून घ्यावं. क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाचे पैसे खात्यात जमा झाल्याचा कागद, फक्त सीलबंद पॅकवर मिळते, असा अनुभव दुकानदाराला आलेला असतो. मग अर्धी स्ट्रिप परत करून त्याला काय मिळणार? ती ड्रॉवरमध्ये पडते, आणि ड्रॉवरमधली वस्तू कधी ना कधी विकली जाते. माझी वितरकांना कळकळीची विनंती आहे : रिकॉलमध्ये एक गोळी परत आली तरी घ्या, तिचं क्रेडिट द्या आणि आधी द्या. कंपनीशी हिशेब नंतर होईल. हा खर्च कंपनीनेच उचलायला हवा आणि त्यासाठी भांडायची वेळ आली तर आपण सगळ्यांनी मिळून भांडू. पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत माल दुकानात अडकून पडता कामा नये.

नोटीस वाचण्याबद्दल थोडंसं. अनेक देशांत रिकॉलचे तीन वर्ग करतात. पहिल्यात गंभीर इजा किंवा मृत्यूची वाजवी शक्यता असते. दुसऱ्यात तात्पुरता किंवा उपचाराने बरा होणारा त्रास होऊ शकतो. तिसऱ्यात आरोग्याला अपाय होण्याची शक्यता कमी, उदाहरणार्थ लेबलावरचा किरकोळ दोष. यावरून घाई ठरते. पहिल्या वर्गाची नोटीस दुकान बंद करताना आली तरी उद्यावर टाकायची नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रिकॉल कुठपर्यंत आहे : घाऊक विक्रेत्यापर्यंत, दुकानापर्यंत की रुग्णापर्यंत. दुकानापर्यंतच असेल तर सरसकट रुग्णांना फोन करून घाबरवू नये, तशाने माणसं चांगली औषधंही बंद करतात. रुग्णापर्यंत असेल तर मात्र काउंटरवर कागद चिकटवून मोकळं होता येणार नाही. आणि नोटीस पुढे पाठवताना मूळ कागद पाठवा. व्हॉट्सअॅपवर फिरता फिरता फोटोची कडा कापली जाते, 8 चा बी होतो, शून्याचा ओ होतो, पॉवर दिसेनाशी होते. नोटीस कोणाच्या ईमेलवर येते तेही एकदा बघा. खरेदी बघणारा माणूस रजेवर असेल तर ती उघडतं कोण?

रुग्णाशी काय बोलायचं, हे जुलै 2018 मध्ये सगळ्या जगाला शिकावं लागलं. रक्तदाबाच्या व्हॅलसार्टन या औषधात एनडीएमए हा कर्करोगाची शक्यता वाढवणारा घटक सापडला. त्याचा उगम एका चिनी उत्पादकाच्या कच्च्या मालात होता. तो कच्चा माल अनेक कंपन्या वापरत होत्या, म्हणून अनेक देशांत वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या परत मागवल्या गेल्या. पण सगळं व्हॅलसार्टन त्यात नव्हतं. नियामक संस्था रुग्णांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या की पर्यायी औषध हातात येईपर्यंत गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कारण अचानक वाढलेला रक्तदाब त्या अशुद्ध घटकापेक्षा लवकर जिवावर उठेल. ‘ते औषध खराब निघालंय, घेऊ नका’ एवढं एक वाक्य फोनवर सांगून ठेवून दिलं असतं तर? म्हणून फोन करताना आधी माणसाला स्ट्रिप हातात घ्यायला सांगा आणि नंबर वाचून घ्या. नंबर जुळला तर घेणं थांबवायचं की पर्याय मिळेपर्यंत चालू ठेवायचं, ते नोटिशीत बघून तसंच सांगा. डॉक्टरांशी कोण बोलणार, ते ठरवा आणि बदली औषध कधी मिळेल ते सांगा. रोज घ्यायच्या औषधाच्या बाबतीत पर्याय हाताशी ठेवूनच फोन करावा.

नोंद असली की काय होऊ शकतं, याचं उदाहरण 2012 चं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग फार्मसीने, म्हणजे औषधं स्वतः बनवून देणाऱ्या फार्मसीने, तयार केलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या तीन लॉटमध्ये, म्हणजे बॅचेसमध्ये, बुरशी निघाली. ही इंजेक्शनं पाठीच्या कण्याजवळ आणि सांध्यांत दिली गेली होती. त्यातून मेंदूज्वर झाला, साठांहून अधिक माणसं गेली. भयंकरच प्रकरण होतं. पण सुमारे 14,000 लोकांना ती इंजेक्शनं दिली गेली होती, आणि आरोग्य यंत्रणांनी त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला काही आठवड्यांत गाठलं. पुष्कळांचे उपचार त्यामुळे लवकर सुरू झाले. माल कोणत्या दवाखान्यात गेला आणि तिथे तो कोणाला टोचला, हे दोन्ही कागदावर होतं म्हणून हे जमलं. इंजेक्शनांच्या बाबतीत हे सोपं आहे, गोळ्यांच्या बाबतीत अवघड आहे, हे मान्य. पण नेहमी येणाऱ्या रुग्णाचं नाव, फोन आणि दिलेल्या बॅचचा क्रमांक एकाच नोंदीत ठेवणं आजच्या कुठल्याही बिलिंग सॉफ्टवेअरला जमण्यासारखं आहे.

युरोपीय संघाच्या 2013 च्या औषध वितरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत रिकॉलची व्यवस्था वर्षातून किमान एकदा तपासून बघायला सांगितलं आहे. आपण कोणत्याही देशात काम करत असू, ही तपासणी करावी. मात्र ती करताना एक गोष्ट पाळा. रॅकवर असलेली बॅच निवडू नका, ती सापडणारच. सहा महिन्यांपूर्वी आलेली आणि पूर्ण विकली गेलेली बॅच घ्या, जिच्यापुढे कॉम्प्युटर शून्य दाखवतो. मग घड्याळ लावून बघा, ती बॅच कोणाकोणाकडे गेली याची फोन नंबरांसह यादी व्हायला किती वेळ लागतो. यादीतल्या पाच जणांना खरोखर फोन करा. किती नंबर लागतात? लागले तर पलीकडे रिकॉल म्हणजे काय हे कळणारा माणूस फोन उचलतो का? मालकांनी त्या वेळी स्वतः हजर राहावं. पाच फोनांतच आपल्या नोंदी किती कामाच्या आहेत ते कळतं.

आता पुन्हा त्या उत्तराकडे. यापुढे रिकॉलची नोटीस आली की माझ्यासारख्या माणसाला एवढं कळवा : या बॅचचा माल किती आला होता, फुकट आलेला धरून. नोटीस आली त्या वेळी किती होता आणि तो कुलपात गेला का. किती विकला आणि कोणाला. त्यातल्या किती जणांशी बोलणं झालं, किती जणांशी झालं नाही. त्यांच्याकडून किती परत आला. आणि शेवटी, किती मालाचा पत्ता लागत नाही. हा शेवटचा रकाना रिकामा सोडू नका आणि जुळवून शून्यही करू नका. तिथे 9 असतील तर 9 लिहा. तो आकडा बघून कोणीही तुम्हाला दोष देणार नाही, निदान मी तरी नाही. ते 9 डबे कुठे असतील याचा शोध आपल्याला दोघांनी मिळून घेता येईल, आणि तोही त्याच दिवशी. आणि आमच्याकडून आलेली नोटीस उशिरा आली, अर्धवट असली, तिच्यात कारण किंवा वर्ग लिहिलेला नसला, तर गप्प बसू नका. फोन करून विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत ती बॅच विकू नका.

आपला,
वितरणाच्या कामातला एक सहकारी